बॅग भरायच्या आधी

चौदा तासांचा प्रवास, मध्ये एक लेओव्हर, उतरल्यावर अडीच तास गाडी, आणि कस्टमरच्या प्लांटमध्ये मशीनसमोर उभी राहिल्यावर प्रॉब्लेम कळायला मला चार मिनिटं लागली. आम्ही पाऊच पॅकिंगची मशीनं बनवतो, म्हणजे रोलवरची फिल्म खाली येते, तिची पिशवी होते, आत माल पडतो, सील होतं आणि कट होतो. कट नेमका कुठे मारायचा हे मशीनला फिल्मवर छापलेल्या एका छोट्या चौकोनावरून कळतं, त्याला आय मार्क म्हणतात, आणि तो वाचायला एक सेन्सर असतो. त्या कस्टमरकडे पाऊच भलत्याच जागी कापले जात होते, आठवडाभर ईमेल चालले होते, शेवटी 'मशीन डिफेक्टिव्ह आहे, इंजिनिअर पाठवा' असं आलं आणि मी गेले. बघते तर त्यांनी पाकिटाचं डिझाइन बदललं होतं आणि काळा असलेला आय मार्क लाल करून टाकला होता. सेन्सरचा उजेड लाल. लाल उजेडात पांढऱ्या फिल्मवरचा लाल मार्क सेन्सरला दिसतच नाही, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच उजळ. सेन्सरचा उजेड हिरव्यावर घेतला, नवा मार्क सेन्सरला परत ओळखायला शिकवला, मशीन सुरू.

परतीच्या फ्लाइटमध्ये झोप लागली नाही. फिल्मचा एक फोटो, साधा मोबाइलवर काढलेला, माझ्याकडे असता तर मी ऑफिसच्या खुर्चीत बसून उत्तर दिलं असतं. आणि खरं सांगते, त्यांनी फोटो पाठवला नाही यापेक्षा मी तो मागितलाच नाही हे मला जास्त लागलं. आमच्याकडे पद्धतच पडून गेली होती, कस्टमर चिडला की तिकीट काढायचं. 'इंजिनिअर निघालाय' म्हटलं की समोरचा शांत होतो आणि आपल्यालाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

गोष्ट तिथेच राहिली असती, पण त्याच सुमारास आमच्या दोन मोठ्या कस्टमरनी सप्लायरच्या फॉर्ममध्ये आमच्या प्रवासाचं कार्बन उत्सर्जन विचारलं. जीएचजी प्रोटोकॉल म्हणून हिशोबाची जी पद्धत जगभर वापरतात त्यात स्कोप ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कारखान्याबाहेर पण तिच्या कामामुळे होणाऱ्या उत्सर्जनात, १५ कॅटेगरी आहेत, त्यातली सहावी बिझनेस ट्रॅव्हल, तो आकडा द्यायचा होता आणि आमच्याकडे तो नव्हताच. मीटिंगमध्ये डायरेक्टर म्हणाले हे कोण बघणार, मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं हिला एक्सेल आवडतं म्हणून. मला तो लाल मार्क आठवत होता.

अकाउंट्सकडून वर्षभराची तिकिटं काढली. नुसते किलोमीटर मोजून फॉर्म भरता आला असता, पण मी प्रत्येक तिकिटासमोर एक कॉलम वाढवला, 'तिथे जाऊन काय झालं'. आणि ज्याची त्याची ट्रिप त्याला जाऊन विचारायला लागले. हे काम सगळ्यात अवघड गेलं, कारण लोकांना वाटायचं मी त्यांची चौकशी करतेय. मी आधी माझ्या स्वतःच्या ट्रिपा लिहून शीट सगळ्यांना दाखवली, लाल मार्कवाली ट्रिप सगळ्यात वर, मग हळूहळू लोक मोकळेपणाने बोलायला लागले. एक जण म्हणाला, मी तीन दिवस जाऊन फक्त त्यांच्या दोन डिपार्टमेंटचं भांडण ऐकून आलो. एक जण म्हणाला, मला आठवतच नाही मी का गेलो होतो, आणि असं म्हणताना त्याचा चेहरा उतरला कारण त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा वाढदिवस होता हे मात्र त्याला आठवत होतं.

आकडेवारी करताना मी पण बरंच शिकले. विमानाचं १ किलो इंधन जळलं की साधारण ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन त्याला जोडला जातो. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासची सीट इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट धरतात, कारण ती जागाच तेवढी खाते. छोटी फ्लाइट किलोमीटरमागे महाग पडते, कारण चढायलाच भरपूर इंधन जातं आणि चढून झालं की उतरायची वेळ. आणि कार्बन डायऑक्साइड हा सगळा हिशोब नव्हेच, विमानामागे जे पांढरे पट्टे दिसतात ते काही हवामानात ढगासारखे पसरतात आणि उष्णता अडवून धरतात. म्हणून विमानांचा वाटा जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास असला तरी माणसामुळे झालेल्या तापमानवाढीत तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरतात. ऐकायला थोडं वाटतं. पण २०१८ मध्ये जगातली जेमतेम ११ टक्के माणसं विमानात बसली होती आणि प्रवासी विमानांचं निम्मं उत्सर्जन फक्त १ टक्का लोकांमुळे होतं असा अंदाज २०२० मध्ये छापून आला होता, तो वाचल्यावर मी आमच्या सेल्स आणि सर्व्हिसच्या लोकांची यादी बघितली. त्या १ टक्क्यात आम्हीच होतो, मी धरून.

डायरेक्टरांचं पहिलं म्हणणं होतं की विमानं लवकरच ग्रीन इंधनावर उडतील, थोडं थांबूया. मी त्यांना दाखवलं की २०२४ मध्ये सुद्धा असं इंधन जगातल्या एकूण विमान इंधनाच्या १ टक्क्याच्याही खूप खाली होतं, आणि युरोपियन युनियनने जी सक्ती केलीय ती २०२५ ला २ टक्के, २०३० ला ६ टक्के आणि ७० टक्के कधी तर २०५० ला. तोपर्यंत मी रिटायर झालेली असेन. आज कमी करायचं तर कमी उडायचं, दुसरा रस्ता मला तरी दिसला नाही.

तिकिटांचे ढीग पाडले तेव्हा निम्म्याहून जास्त ट्रिपा अशा निघाल्या की ज्यात विमानाने आमच्या अपुऱ्या तयारीवर पांघरूण घातलं होतं. मॅन्युअल नीट लिहिलेलं नाही म्हणून माणूस पाठवा. ऑर्डर घेताना फिल्मची जाडी विचारली नाही म्हणून माणूस पाठवा. ट्रेनिंग घाईत उरकलं म्हणून तीन महिन्यांनी परत माणूस पाठवा. मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायचीय ती हीच, विमानप्रवास कमी करणं म्हणजे तेच काम व्हिडिओ कॉलवर ढकलणं नव्हे, तर जे काम आधी करायला हवं होतं आणि केलं नव्हतं ते करणं. हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं, आम्ही आधी नुसते कॉल वाढवले आणि तोंडावर पडलो.

आमच्याकडे एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, बत्तीस वर्षं मशीनमध्ये हात घालतायत. त्यांनी एकदा जेवायच्या सुट्टीत सांगितलं, "अगं हे आपण एकदा केलंय. २०१० च्या एप्रिलमध्ये." आइसलंडमध्ये एयाफ्यालायोकुल नावाचा ज्वालामुखी फुटला होता, राखेमुळे युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद होतं, १ लाखाच्या आसपास फ्लाइट रद्द झाल्या. काकांना तिकडे एका मशीनचा गिअरबॉक्स बदलायला जायचं होतं. जाता येईना आणि कस्टमरची लाइन बंद. मग काकांनी इथे तसाच गिअरबॉक्स टेबलावर उघडला, एकेक पायरीचा फोटो काढला, फोटोवर पेनने बाण काढून स्कॅन करून पाठवला, आणि फोनवर बसून तिकडच्या फिटरकडून दोन दिवसांत काम करून घेतलं. मी विचारलं, मग पुढच्या वेळी? म्हणाले, "पुढच्या वेळी आकाश मोकळं होतं, गेलो."

हेच परत २०२० नंतर झालं. त्या वर्षी जगभरात विमानप्रवाशांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा ६० टक्क्यांनी पडली, आम्ही सगळं घरून चालवलं, कसंबसं का होईना चालवलं, आणि विमानं सुरू झाल्याबरोबर ते सगळं विसरलो. काकांचे ते बाण काढलेले फोटो मी शोधून काढले, जुन्या कॉम्प्युटरवर होते. आज आमच्या सर्व्हिसच्या प्रत्येक सूचनेचा साचा तोच आहे, एक फोटो, एक बाण, एक वाक्य.

ब्रेकडाऊनसाठी नियम केला, फोटो आधी, फोन नंतर, तिकीट शेवटी. कस्टमरचा मेल आला की आम्ही बारा गोष्टी मागतो, त्यात फिल्मचा हातभर तुकडा प्रकाशात धरून काढलेला फोटो, स्क्रीनवरच्या एररचा फोटो, मागच्या महिनाभरात काय बदललं याचं उत्तर, आणि मशीन चालतानाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ. सुरुवातीला कस्टमर वैतागले, तुम्ही आम्हाला काम लावता म्हणाले. तेव्हा मी लेखी दिलं की चोवीस तासांत आमच्याकडून उत्तर येईल, आणि ते खरोखर दिलं, रात्री जागून दिलं. इंजिनिअर पोचायला व्हिसा धरून कधी कधी दहा दिवस लागायचे, लाइन तेवढे दिवस बंद. एक-दोनदा दुसऱ्या दिवशी लाइन सुरू झाली की तक्रार थांबते.

आता फॅटबद्दल सांगते, कारण ते मला सगळ्यात जवळचं आहे. फॅट म्हणजे फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट, मशीन आमच्याकडून निघायच्या आधी कस्टमरची दोन-तीन माणसं विमानाने येतात, मशीन चालताना बघतात, मोजतात, सही करतात. ही तिकिटं त्यांच्या हिशोबात, पण उडायचे ते आमच्यामुळेच. पहिली रिमोट फॅट ठरली तेव्हा तीन कॅमेरे लावले, एक वरून, एक स्क्रीनवर, एक हातात. मशीन फुल स्पीडला घेतलं, मी जवळजवळ ओरडून सांगतेय की आता मिनिटाला इतके पाऊच पडतायत, आणि पलीकडून त्यांचे मेंटेनन्स हेड विचारतात, "मशीन बंद आहे का? आवाज येत नाहीये." आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नव्हतं इतका आवाज होता! दहा मिनिटं माइक बदलत बसलो. मग आमच्या टीममधल्या सगळ्यात लहान मुलाच्या लक्षात आलं की मीटिंगचं ॲपच मशीनच्या आवाजाला गोंगाट समजून गाळून टाकतंय, त्याला फक्त माणसाचं बोलणं ठेवायचंय. त्याने सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं आणि पलीकडे एकदम आवाज पोचला.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या हेडनी डोळे मिटले, हेडफोनवर दोन्ही हात ठेवले आणि मिनिटभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाव्या बाजूला, खाली, एक टकटक आहे." आम्ही सगळे मशीनच्या बाजूलाच उभे होतो, कुणालाच जाणवली नव्हती. काका वाकले, मशीन थांबवायला सांगितलं, डावीकडच्या खालच्या गार्डवर बोट ठेवून हलवून बघितलं, स्क्रू अर्धा आटा सैल होता. म्हणजे नीट ऐकवलं तर हजारो मैलांवरून ऐकू येतं.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. फिरणारी पुली काही स्पीडला व्हिडिओत थांबल्यासारखी दिसते, कारण कॅमेरा सेकंदाला ठरावीक फोटो काढतो आणि पुलीही तेवढ्यातच बरोबर फेरी पुरी करते, त्यांना वाटलं बेल्ट तुटला. आता पुलीवर पांढऱ्या मार्करने तिरकी रेघ मारतो आणि स्लो मोशनमध्ये वेगळा व्हिडिओ काढून देतो. बोल्ट टॉर्क रेंचने आवळले की त्यावर रंगाची रेघ मारायची पद्धत आमच्याकडे होतीच, आता ती रेघ प्रत्येक बोल्टवर कॅमेऱ्याला दाखवावी लागते, त्यामुळे आधी जे चार बोल्ट चुकून राहायचे ते राहत नाहीत.

आणि एक फायदा तर कुणाच्या डोक्यातच नव्हता. विमानाने यायचे ते साहेब लोक, कारण तिकीट महाग, दोन सीट, मग कोण येणार तर हेडच येणार. कॉलवर मात्र नऊ जण बसले, त्यात जी बाई ते मशीन रोज चालवणार होती ती पण. तिने एकच प्रश्न विचारला, फिल्मचा रोल बदलताना माझा हात त्या शाफ्टपर्यंत पोचणार कसा. आम्ही तिची उंची विचारली, तेवढ्या उंचीच्या आमच्याच एका मुलीला मशीनपुढे उभं केलं, नाही पोचला. शाफ्ट खाली घेतला, पाच दिवस लागले, पण मशीन आमच्या शॉपमध्येच होतं म्हणून पाचच दिवस. तिकडे गेल्यावर कळलं असतं तर दोन माणसं, दोन तिकिटं, वेल्डिंगचं परवानापत्र आणि तिच्या रोजच्या पाठदुखीचे मधले तीन-चार महिने.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. लांबून मशीनचा प्रोग्रॅम बघता येतो, बदलताही येतो, पण लांबून मशीन हलवायचं नाही. जो माणूस मशीनजवळ उभा आहे त्याच्या हातात इमर्जन्सी स्टॉप, स्टार्टचं बटण त्यानेच दाबायचं, आणि कुणाचा हात आत असेल तर सप्लाय तोडून कुलूप लावून किल्ली त्याच्याच खिशात. कॅमेऱ्यात एक कोपरा दिसत नाही आणि त्याच कोपऱ्यात माणूस असतो. पहिल्या कॉलआधी हे लिहून दोन्हीकडून सही घेतो, सही नाही तर कनेक्शन नाही.

ऑडिटचं काम सोपं निघालं. आयएसओ सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना लांबून ऑडिट कसं करायचं याचे नियम आयएएफ या ॲक्रेडिटेशन संस्थांच्या जागतिक संघटनेच्या एमडी ४ या डॉक्युमेंटमध्ये दिलेलेच होते, आमच्या ऑडिटरना विचारलं, काही भाग कॉलवर झाला. ऑफिसच्या आतल्या मीटिंगा, म्हणजे आमचेच लोक आमच्याच दुसऱ्या ऑफिसला जायचे त्या, जवळजवळ सगळ्या बंद. ट्रेनने चार-पाच तासांत पोचता येत असेल तिथे विमान नाही. फ्रान्सने तर २०२३ मध्ये कायदाच लागू केला, अडीच तासांच्या आत ट्रेनने जाता येत असेल तर ती फ्लाइट नाही, पॅरिसच्या ऑर्ली एअरपोर्टवरून नांत, लिऑं आणि बोर्दोच्या फ्लाइट त्यात गेल्या. तीनच रूट होते, पण डायरेक्टरांना पटवताना ते फार उपयोगी पडले.

आता जे चुकलं ते. एका कस्टमरशी वाद झाला, सील सुटतायत, ते म्हणतात मशीन, आम्ही म्हणतो फिल्म. मी हट्टाने कॉलवरच ठेवलं, सहा आठवडे. प्रत्येक कॉलला त्यांच्याकडून त्यांचे मॅनेजर बसायचे, बाजूला ऑपरेटर, आणि ऑपरेटर प्रत्येक प्रश्नाला मॅनेजरकडे बघून 'सगळं मॅन्युअलप्रमाणे' म्हणायचा. डेटा आला, व्हिडिओ आले, काही सापडेना, शेवटी त्यांचा वकिलाच्या भाषेतला मेल आला आणि मी बॅग भरली. पहिला दिवस तसाच गेला. संध्याकाळी शिफ्ट सुटताना तो ऑपरेटर गेटजवळ भेटला, आम्ही बाकावर बसलो, वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्यावर त्याने सांगितलं की टार्गेट वाढवलंय, त्यामुळे रात्री स्पीड वाढवतात आणि सकाळी परत खाली आणून ठेवतात. स्पीड वाढला की सीलला तापायला वेळच मिळत नाही. हे तो कॅमेऱ्यासमोर, मॅनेजरशेजारी बसून, कधीच बोलला नसता. मी त्याचं नाव कुठे येऊ दिलं नाही, मशीनमध्ये स्पीडचा लॉग ठेवायची सोय केली आणि विषय मिटला. पण सहा आठवडे मी त्या माणसांना ताणत ठेवलं याचं मला आजही वाईट वाटतं, ते विमान मी दुसऱ्या आठवड्यातच पकडायला हवं होतं.

तेव्हापासून आमचा नियम बदलला. वाद असेल तर जायचं. अपघात झाला असेल तर त्याच दिवशी जायचं. नवीन कस्टमर असेल तर पहिल्यांदा एकदा जाऊन भेटायचं. मशीन बसवायला माणूस लागतोच, फाउंडेशन, लेव्हल, जोडणी ही हाताची कामं आहेत, पण आधी तीन-तीन दिवसांच्या तीन ट्रिपा व्हायच्या त्याऐवजी एकच तीन आठवड्यांची. याचा शरीरालाही फायदा आहे, टाइम झोन बदलला की शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास या हिशोबाने जुळतं, तीन दिवसांत ते जुळायच्या आतच आम्ही परत निघालेलो असायचो आणि त्या अर्धवट झोपेत लाइव्ह मशीनवर काम करायचो. नवीन डिझाइन सुचवायची बैठक असेल तर आम्ही आपापसात एका खोलीत बसतो, कारण २०२२ मध्ये नेचरमध्ये एक अभ्यास आला होता की स्क्रीनवर भेटणाऱ्या जोड्यांना कल्पना कमी सुचतात, नजर स्क्रीनला चिकटून राहते म्हणून, पण आलेल्या कल्पनांमधून निवड करायची असेल तर त्या कुठे कमी पडत नाहीत. आमचा अनुभव अगदी तोच.

प्रत्येक डिपार्टमेंटला वर्षाचं बजेट दिलं, पैशात नाही, उड्डाणाच्या तासांत. पैशात दिलं तर स्वस्त तिकीट शोधतात आणि दोन लेओव्हर घेऊन जास्तच उडतात. तास संपले की संपले. सेल्सवाल्यांना हे फार जड गेलं आणि मी ते समजू शकते, वर्षानुवर्षं जमवलेले एअरलाइनचे पॉइंट, त्यावर मिळणारं कार्ड, घरच्यांना वर्षातून एकदा त्या पॉइंटवर फिरवून आणणं, हे सगळं त्यांच्या पगाराचा न लिहिलेला भाग होतं. आम्ही ते नुसतं काढून घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी वाचलेल्या पैशातला काही हिस्सा इन्सेंटिव्हमध्ये टाकला तेव्हा कुरबुर कमी झाली, हे आधीच करायला हवं होतं.

मग एक दिवस डिस्पॅचचं बिल बघितलं आणि धस्स झालं. माणसं जमिनीवर आली होती आणि खोकी उडायला लागली होती. प्रत्येक कॉलच्या शेवटी 'स्पेअर एअर कुरिअरने पाठवतो' असं आम्हीच म्हणायचो, सॅम्पल फिल्म विमानाने, चाचणीचा माल विमानाने. विमानाने माल पाठवणं जहाजापेक्षा वजनामागे कितीतरी पट जास्त इंधन खातं, आणि तो आकडा कॅटेगरी सहामध्ये येतच नाही, मालवाहतुकीची कॅटेगरी वेगळी, त्यामुळे फॉर्मवर आम्ही छान दिसत होतो. मी दोन्ही आकडे एकत्रच दाखवायला लागले. मग प्रत्येक मशीनबरोबर दोन वर्षांच्या स्पेअरची पेटी जहाजानेच पाठवायची असं ठरलं, कुठला पार्ट किती दिवसांनी जातो याचा रेकॉर्ड काकांच्या डोक्यात होता, तो पहिल्यांदाच कागदावर उतरला.

वेळेचं ओझं कुणावर पडतं हेही बघावं लागलं. आमचे सगळे कॉल कस्टमरच्या सोयीने, म्हणजे आमच्या लोकांच्या रात्री. आता एक आठवडा त्यांची रात्र, एक आठवडा आमची. मार्चमध्ये दरवर्षी घोळ होतो, अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी, मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिघांचा कॉल असेल तर एक जण हमखास तासभर आधी येऊन बसतो. आम्ही आता वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत लिहितो.

एका गोष्टीचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. तो लहान मुलगा, ज्याने आवाजाचं सेटिंग शोधलं होतं, एक दिवस येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही सगळे फिरून फिरून शिकलात. माझ्या पासपोर्टवर एक शिक्का नाही. मी शिकणार कसा?" मला काही बोलता येईना, कारण तो खरं बोलत होता. मी स्वतः काकांच्या मागे बॅग धरून पाच देश फिरले तेव्हा मशीन समजलं. बराच विचार करून आम्ही असं केलं की ज्या भागात आमची सात-आठ मशीनं जवळजवळ आहेत तिथे एका ज्युनिअरला चार महिने राहायला पाठवायचं, जाताना एक विमान, येताना एक, मध्ये सगळं ट्रेन आणि बसने. तिथल्या लोकल टेक्निशियनना शिकवायचं आणि त्यांच्याकडून शिकायचं. पहिला नंबर त्याचाच लागला.

तो जाऊन आता सातवा आठवडा. रोज संध्याकाळी एका मशीनचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, मी आणि काका हेडफोन लावून ऐकतो. परवाच्या क्लिपमध्ये मला एक बारीक घरघर वाटली, काकांकडे बघितलं तर त्यांनी मान हलवली. मी फोन लावून काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ताई, मेन ड्राइव्हचं बेअरिंग ना? मी पण तेच धरलंय." विचारलं, स्पेअर आहे का तिथे? म्हणाला, "आहे, जहाजाने आलेल्या पेटीत. इथला टेक्निशियन म्हणतोय तूच बघ, मी बदलतो. रविवारी लाइन बंद असते, तेव्हा करू."